पाण्याची नळी गप्प राहिली पाहिजे

न उठलेला राजा

मी राजाचं काम करत होतो. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरी आणि वसाहतीतल्या हौशी मंडळींबरोबर नाटक, असा माझा दुहेरी संसार. त्या नाटकाच्या तिसऱ्या अंकात राजा चिडून सिंहासनावरून उठतो आणि प्रधानाच्या अंगावर धावून जातो. मी गर्जना केली, सिंहासनाच्या दोन्ही हातांवर जोर दिला आणि उठलोच नाही. पाठीत बरगड्यांच्या मागे कुणीतरी सळई खुपसल्यासारखी कळ आली. प्रधान बिचारा मार खायला तयार होऊन उभा. शेवटी मी त्याला बोटानं जवळ बोलावलं आणि धावून जाऊन म्हणायचं वाक्य त्याच्या कानात कुजबुजलो. प्रेक्षागृहात टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता, आणि मग टाळ्यांचा कडकडाट. लोक विंगेत येऊन म्हणाले, "त्या न उठण्यात काय जरब होती हो."

मी अभिनंदन स्वीकारलं. मेकअप उतरवायला मला दोघांनी धरून नेलं.

नव्या शतकाची ती सुरुवातीची वर्षं होती. मी पन्नाशीच्या अलीकडे, वजन राजाला शोभेल असं, आणि आजारपण म्हणजे सर्दी एवढीच माझी कल्पना. पुढचे काही आठवडे मी कमरेला पट्टा बांधून काढले. बाम चोळला, ओव्यानं शेकलं, एका गृहस्थांनी पाठीवर पाय देऊन पाहिला. मग एक दिवस कामावर लोखंडी जिना उतरताना डावा गुडघा आपोआप दुमडला. कळ नाही, काही नाही. पाय जणू सुट्टीवर गेला होता. पुन्हा उभा राहिलो, तर दोन पायऱ्यांनंतर उजवाही गेला.

ज्यांच्या घरात सध्या एखाद्या रिपोर्टची वाट पाहणं चाललं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. आजाराशी माणूस काहीतरी करू शकतो, औषध घेऊ शकतो, शिव्या देऊ शकतो. पण आजाराचं नावच माहीत नसेल तर शिव्या तरी कुणाला द्यायच्या?

किल्ली

नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका रुग्णालयात हाडांचे डॉक्टर होते. तरुण, कमी बोलणारे. पुढचं बोलणं कठीण असलं की ते चष्मा काढून पुसत. हे मला नंतर कळलं. पहिल्या दिवशी वाटलं, चष्म्यालाच काहीतरी झालंय.

त्यांनी मला पालथं झोपवलं आणि म्हणाले, "कळतंय का सांगा."

मी वाट पाहत राहिलो. बराच वेळ काही होईना, म्हणून मी म्हणालो, "सुरू करा की, डॉक्टर. मी तयार आहे."

"मी केव्हाची गाडीची किल्ली फिरवतोय तुमच्या तळपायावर," ते म्हणाले.

माझी बायको मंदा समोरच उभी होती. तिला किल्ली दिसत होती. माझ्याकडे बघताना तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी कधीही रंगमंचावर उभं करू शकलो नसतो.

एमआरआयच्या फिल्म उजेडाच्या पेटीवर लावल्या गेल्या. काळ्यावर पांढऱ्या मणक्यांची रांग, आणि मधला एक मणका कुरतडलेला. मागच्या बाजूला तो फुगून मज्जारज्जूवर दाबत होता.

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "दोन शक्यता आहेत. एक म्हणजे टीबी. आपल्याकडे बहुतेक वेळा तोच असतो. पण टीबी सहसा दोन मणके आणि मधली गादी, सगळं खातो. इथं गादी शाबूत आहे. म्हणून दुसरी शक्यता सोडता येत नाही."

"दुसरी काय?" मंदानं विचारलं.

"दुसरीकडून कुठूनतरी आलेली गाठ."

कॅन्सर हा शब्द खोलीत कुणीच उच्चारला नाही. मी नटाची जात, शब्द टाळलेला मला लगेच ऐकू येतो.

मंदा म्हणाली, "मग टीबीच्या गोळ्या सुरू करून बघू या."

"बघता येईल. पण चुकलं तर ते कळायला दोन महिने जातील, आणि यांचे पाय दोन महिने थांबणार नाहीत. ऑपरेशन करायचं की नाही, तेही यावरच ठरणार. मला नाव पाहिजे."

मलाही नावच पाहिजे होतं. मी क्षयरोगासाठी नवस बोललो. आमच्या घराण्यात नवस बरेच झाले, पण टीबी दे म्हणून देवाला साकडं घालणारा पहिला मीच.

संवाद नसलेली भूमिका

मणक्यातून सुईनं तुकडा काढायचा होता. मशीनच्या बोगद्यात पालथा झोपलो. डॉक्टर म्हणाले, "हलायचं नाही, आणि कृपा करून बोलायचंही नाही." आयुष्यात मला पहिल्यांदाच संवाद नसलेली भूमिका मिळाली होती आणि ती वठवली नाही तर सुई मज्जारज्जूत जाणार होती. इतकं चोख काम मी कधीच केलेलं नाही.

निघाला थोडासा पू आणि भुगा. तो इथल्या लॅबमध्ये गेला आणि कागद आला: मृत पेशी, निश्चित निदान करता येत नाही. रंग देऊन काचेखाली पाहिलं, जंतू दिसला नाही. म्हणजे जंतू नाही असं नव्हे, इतके थोडे की नजरेला सापडत नाहीत. तो वाढवून बघायचा तर टीबीचा जंतू पक्का आळशी, उगवायलाच दीड-दोन महिने घेतो.

"थोडं मी राखून ठेवलंय," डॉक्टर म्हणाले. "छोट्या नळीत, फ्रीजमध्ये. मुंबईत एक लॅब आहे. ते पीसीआर करतात."

त्यांनी मला ते समजावलं आणि मी ते माझ्या भाषेत मंदाला समजावलं. जुन्या संगीत नाटकात गवयानं एक तान घेतली की लोक ओरडायचे, वन्स मोअर. मग तो पुन्हा घ्यायचा. समज की ह्या पुवात जंतूची एकच ओळ लिहिलेली आहे, इतकी बारीक की वाचता येत नाही. यंत्र त्या ओळीला वन्स मोअर देतं. एकीच्या दोन, दोनांच्या चार, चारांच्या आठ. दुपारपर्यंत त्या एका ओळीच्या कोट्यवधी ओळी होतात, आणि मग ती आंधळ्यालाही दिसते. पण यंत्र फक्त त्याच ओळीला ओळखतं. ती नसेल तर सगळीकडे शुकशुकाट.

"आणि शुकशुकाट झाला तर?" मंदानं विचारलं.

मी तहान नसताना तिच्याकडे पाणी मागितलं.

रंगनाथ माल नेतो

मंदाचा धाकटा भाऊ रंगनाथ दिंडोरीकडे द्राक्षं करतो. नुसती करत नाही, बोटीनं परदेशी पाठवतो. ह्याचा त्याला इतका अभिमान की लग्नातसुद्धा तो नवरदेवाला घडासारखंच साखरेचं प्रमाण विचारेल. काढणीचा हंगाम होता, तोंडावर ऊन आणि हातांना बागेतल्या औषधाचा वास घेऊन तो थेट वॉर्डात आला.

"दाजी, तुम्ही लय टेन्शन घेऊ नका. मी जातो मुंबईला. वाशीला आपला माल चाललाच हाये, तसाच पुढं जाईन."

डॉक्टरांनी त्याला नळी दिली, बर्फाचा थर्मास दिला आणि बजावलं, "गार ठेवायचं, सरळ लॅबमध्ये द्यायचं. उशीर नको."

डॉक्टरांची पाठ वळल्यावर रंगनाथनं थर्मासमध्ये डोकावून पाहिलं आणि माझ्या कानाशी लागला. "बर्फ काय ठेवतात हो. बर्फानं पाणी सुटतं, पाण्यानं माल सडतो. माझा घड महिनाभर बोटीवर असतो, दाजी. तिकडं पेटी उघडली की देठ हिरवागार. तुमची ही एवढीशी नळी, एका दिवसाची बात."

"रंगनाथराव," मी म्हणालो, "सांगितलंय तसंच न्या."

"तसंच नेतो," तो म्हणाला. आणि मला खात्री आहे, तो अगदी मनापासून तसंच म्हणाला होता.

तो माल नव्हता

दुसऱ्या दिवशी डॉक्टर खोलीत आले आणि बसायच्या आधीच त्यांनी चष्मा काढला.

"मुंबईहून फोन होता. नमुना टाकून द्यावा लागला."

"म्हणजे?"

"पुठ्ठ्याच्या पेटीतून आला. पेटी उघडल्यावर गंधकाचा वास इतका की लॅबमधल्या मुलीला ठसका लागला. नळीचं झाकण सैल होतं, अर्धं बाहेर सांडलेलं. त्यांनी चाचणी करायला नकार दिला, आणि बरोबरच केलं. उद्या रिपोर्ट निगेटिव्ह आला असता, तर जंतू नाही म्हणून की नमुना मेला म्हणून, कुणी सांगायचं?"

रंगनाथ संध्याकाळी आला. त्याला माहीत होतं, कारण लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्यासमोरच पेटी बंद केली होती. तो दारात उभा राहिला, आत येईना.

मंदा माझ्या पायाला तेल लावत होती. तिनं वर पाहिलं नाही. "काय केलंस ते सांग."

"आक्का, मी गावाकडनं गेलो. पॅकहाऊसमध्ये पेटी होतीच. बर्फ काढला अन् नळी गार खोलीत ठेवून मग पेटीत घातली. वर तो कागद ठेवला, परदेशी मालाला ठेवतो तो. त्याच्यातनं हळूहळू गंधकाचा वायू सुटतो, बुरशी धरत नाय."

"आणि झाकण?"

रंगनाथ डोक्यावरचं मुंडासं सारखं करू लागला.

"झाकण, रंगा."

"थोडं सैल केलं. माल घुसमटला की काळा पडतो, आक्का. पिशवीलासुद्धा आम्ही भोकं पाडतो. मला वाटलं, आतली चीज जिवंत हाये, तिला हवा पाहिजे."

मंदानं तेलाची वाटी खाली ठेवली. "तो माल नव्हता. तो यांचा मणका होता."

मी आयुष्यभर रंगमंचावर शांतता निर्माण करायचे प्रयत्न केले. ही शांतता तिनं एका वाक्यात केली आणि कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. रंगनाथनं डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं. तो माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, आणि त्या वेळी आठ वर्षांच्या मुलासारखा दिसत होता. मला हसू येत होतं, खरंच येत होतं. माझा मणका परदेशी दर्जानं पॅक झाला होता. पण चादरीखाली मी उजव्या पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करत होतो आणि तो सकाळी हलला होता तेवढा हलत नव्हता. ही गोष्ट मी दोघांनाही सांगितली नाही.

भांडण

आता पुन्हा सुई. डॉक्टरांचं म्हणणं स्पष्ट होतं: दाब वाढलाय, पहिल्यापेक्षा जोखीम जास्त, पण नाव तर पाहिजे.

आमचं लग्न होऊन बावीस-तेवीस वर्षं झाली होती, पण असं भांडण झालं नव्हतं.

"नको सुई," मंदा म्हणाली. "गोळ्या सुरू करा. डॉक्टरच म्हणतात ना, बहुतेक टीबीच असतो."

"बहुतेक. आणि मी उरलेल्यांतला निघालो तर?"

"तुम्हाला प्रत्येक वेळी वेगळंच निघायचं असतं."

"मंदा, चुकीच्या औषधावर दोन महिने पडून राहीन आणि मग कळेल की..."

"आणि सुई हुकली तर? मग काय कळेल? मला रिपोर्ट नको, मला तुम्ही पाहिजे. बसून राहिलात तरी चालेल. सगळं मी करीन."

तिनं हे ओरडून नाही, भाजी निवडताना बोलावं तसं म्हटलं. सगळं म्हणजे काय, याचा तिनं आधीच विचार करून ठेवला होता. घरातला उंबरा, मोरीची पायरी, पलंग कुठल्या खोलीत. हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं आणि मी पहिल्यांदा खरोखर घाबरलो. तोपर्यंत मी घाबरलेल्या माणसाचं काम करत होतो. आता काम संपलं.

मी म्हणालो, "मला एकदा त्या मणक्याला विचारू दे. उत्तर काहीही येवो, मग तू म्हणशील तसं."

तिनं माझ्या पायाशी सरकलेली चादर खोचली. मग म्हणाली, "नळी मी घेऊन जाणार."

सुई झाली. मी पुन्हा चोख गप्प राहिलो. ह्या वेळी सुई आत असताना डावा पाय एकदा विजेसारखा झटकला आणि डॉक्टरांचा हात जागच्या जागी थांबला. मग ते म्हणाले, "ठीक आहे. मिळालं."

थर्मास मांडीवर

मंदा कधी नाशिकबाहेर एकटी गेली नव्हती. ती थर्मास मांडीवर घेऊन जीपमध्ये बसली आणि गाडी चालवायला, अर्थातच, रंगनाथ. दुसरं होतं कोण. पुढचं मी दोघांकडून वेगवेगळं ऐकलं आहे आणि जे जुळतं तेवढंच सांगतो.

कसाऱ्याच्या घाटात रंगनाथनं विचारलं, "आक्का, बर्फ बघू का थोडा?"

"समोर बघ."

इगतपुरीपासून ते शहापूरपर्यंत झालेलं संभाषण एवढंच.

लॅबमध्ये डॉक्टरीणबाईंनी थर्मास उघडला, झाकण तपासलं, बर्फ तपासला आणि विचारलं, "मागची पेटी कुणाची होती?"

"माझी, मॅडम," रंगनाथ म्हणाला.

"काय पाठवता त्यातून?"

"द्राक्षं. हॉलंडला."

"नीट पोचतात?"

"एकदम टकाटक."

"मग ती तशीच पाठवा. हे असं आणायचं." त्यांनी थर्मासवर बोट ठेवलं. नळीतला अर्धा भाग त्यांनी वेगळा काढून गोठवायला ठेवला. मंदानं कारण विचारलं तर म्हणाल्या, "लागला तर असावा."

परतीच्या वाटेवर मंदानं रंगनाथला एक थाळी घ्यायला लावली आणि समोर बसून संपवायला लावली. तो म्हणतो, ती माफी होती. ती म्हणते, गाडी त्याला चालवायची होती.

आलंय, पण देणार नाही

वॉर्डातले दिवस कसे जातात ते ज्यांनी काढले त्यांना सांगायला नको. पहाटेचा थर्मामीटर, फोडणीच्या वासाविना आलेला डबा, कुशीवर वळवायला येणारी मावशी. ही मावशी माझी मोठी दौलत होती. मला वळवताना म्हणायची, "बोला, राजेसाहेब, आज कोणत्या बाजूचं राज्य बघायचं?" मी फर्मान सोडायचो, डावीकडचं. तेवढ्यानं पाठीची कळ निम्मी व्हायची. डाव्या बाजूला खिडकी होती, उजव्या बाजूला भिंत.

पण डॉक्टर रोज किल्ली फिरवत होते आणि न कळणारी जागा दर दिवशी थोडी वर सरकत होती. तळपाय, मग घोटा, मग पोटरी. ते कागदावर काही लिहीत नसत, नुसतं बघत. एका सकाळी म्हणाले, "परवापर्यंत थांबतो. नाहीतर मी उघडून बघतो." उघडून म्हणजे छातीच्या बाजूनं मणक्यापर्यंत, काय आहे ते माहीत नसताना.

त्याच दुपारी परिचारिकांच्या टेबलावरचा फोन वाजला, मुंबईच्या डॉक्टरीणबाईंचा. मंदानं घेतला. रंगनाथनं तिच्या कानाजवळ कान नेला.

परत आले तेव्हा दोघांचे चेहरे असे की मला वाटलं, संपलं.

"काय म्हणाल्या?"

"आलंय म्हणे," मंदा म्हणाली. "टीबी आलाय. पण रिपोर्ट देणार नाहीत."

"म्हणजे?"

"त्या प्रत्येक वेळी पेशंटच्या नळीशेजारी नुसत्या पाण्याची एक नळी ठेवतात. पाण्यात काहीच नाही, म्हणून ती गप्प राहिली पाहिजे. आज पाणीही बोललं."

मी हे पुन्हा सांगायला लावलं. मग समजलं. रिकाम्या रंगमंचावरून आवाज आला, तर तो नटाचा नसतो, विंगेतून कुणीतरी बोललेला असतो. कुठल्यातरी जुन्या पेशंटचा, हवेतून, हातमोज्यावरून, नळ्यांत शिरलेला कण. यंत्र बिचारं त्यालाही तितक्याच इमानानं वन्स मोअर देणार. मग माझ्या नळीतला आवाज माझा की त्या परक्याचा?

रंगनाथ अजून चिडलेला होता. "मी आक्काच्या हातातनं फोन घेऊन म्हणालो त्यांना, मॅडम, हो आलंय ना? मग हो लिहून टाका. आम्हाला बी तेच पाहिजे. तर म्हणतात कशा, 'तुमच्या दाजींना हो पाहिजे म्हणून मी हो लिहू? उद्या तुम्हाला नाही पाहिजे असेल तर?'"

"मग?"

"मग मंदाआक्कानं विचारलं, त्यांना टीबी हाये का नाय? तर म्हणाल्या, 'आज मला माहीत नाही.' एवढी शिकलेली बाई, माहीत नाय म्हणते."

मला ती बाई त्या क्षणी कशी वाटली ते सांगणं अवघड आहे. एकीकडे गळा धरावासा वाटला. माझी मागणी देवानं ऐकली होती, उत्तर तिच्या हातात होतं आणि ती मूठ उघडत नव्हती. दुसरीकडे पहिल्यांदाच असं वाटलं की ह्या सगळ्या प्रकरणात कुणीतरी एक माणूस माझ्या बाजूनं नाही आणि आजाराच्याही बाजूनं नाही. तिला फक्त खरं काय ते पाहिजे होतं.

गोठवून ठेवलेला अर्धा भाग होताच. सगळं नव्यानं, दुसऱ्या खोलीत, नव्या द्रावणांनी सुरुवात करून उद्या कळवते, असं त्या म्हणाल्या होत्या. उद्याच्या पुढचा दिवस म्हणजे ऑपरेशन.

डॉक्टरांनी ऑपरेशनची तयारी थांबवली नाही. रक्ताची जुळणी झाली, छातीचा फोटो झाला. न्हावी येऊन पाठ आणि बगल साफ करून गेला. मंदानं संमतीच्या कागदावर सही केली, पण तारखेची जागा मोकळी सोडली. "तारीख उद्या घालीन," ती म्हणाली.

पाणी

दुसऱ्या दिवशी रंगनाथ बागेत गेला नाही. द्राक्षांची तोड चालू असताना तो खोलीच्या दारात स्टुलावर बसून होता. त्याच्या आयुष्यात हंगामातली बुडवलेली ही पहिलीच सकाळ असावी. मी विनोद करून पाहिले, हसलं कुणीच नाही. शेवटी मीही बंद केले.

दुपार टळली. फोन दोनदा वाजला, दोन्ही वेळा दुसऱ्याच पेशंटचा. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मंदा उठली नाही. परिचारिकेनं हाक मारल्यावर उठली.

माझ्या पलंगावरून ते टेबल अर्धवट दिसत होतं. मला फक्त मंदाची पाठ आणि फोनची तार दिसत होती. तिनं हॅलो म्हटलं नाही. तिनं पहिलं वाक्य विचारलं ते असं:

"पाणी गप्प होतं का?"

मग ती ऐकत राहिली. रंगनाथ तिच्या मागे उभा, मुंडासं दोन्ही हातांत. मी त्या पाठीवर काय लिहिलंय ते वाचायचा प्रयत्न करत होतो. पाठीनं अभिनय करता येतो असं मी नव्या मुलांना शिकवायचो. मंदाच्या पाठीवर मला एक अक्षर वाचता आलं नाही.

तिनं फोन ठेवला. वळली. माझ्याकडे न येता ती सरळ डॉक्टरांच्या खोलीकडे गेली आणि दारातूनच तिनं विचारलेलं मला ऐकू आलं.

"टीबीच्या गोळ्या जेवणाआधी द्यायच्या की नंतर?"

मग ती भिंतीला टेकून खाली बसली, भर वॉर्डात, फरशीवर. नंतर तिनं मला बाईंचे शब्द सांगितले: "पाणी गप्प. आज दोनदा लावलं, दोन्ही वेळा गप्प. तुमचे मिस्टर तेवढे बोलले."

रंगनाथनं शेजारच्या दुकानातून पेढे आणले आणि वॉर्डभर वाटत सुटला. प्रत्येक जण तोंड गोड करून विचारायचा, "कशाचे?" आणि तो आनंदानं सांगायचा, "आमच्या दाजींना टीबी झालाय." काही जणांनी पेढा हातातच धरून ठेवला.

त्यानंतर

ऑपरेशन लागलं नाही; गोळ्यांनी पू आटेल तसा दाब उतरेल, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या, पाठीला साचा आणि लांबलचक अंथरूण. पहिल्या दिवशी लघवी केशरी झाली, तेव्हा मी मावशीला म्हणालो, "बघा, राजाचं सगळंच शाही." गोळ्यांनी मळमळ व्हायची, तोंडाला चव नसायची. सकाळी त्या रंगीबेरंगी ढिगाकडे पाहून वाटायचं, आज राहू दे. मंदा समोर बसायची आणि शेवटची गोळी गिळेपर्यंत हलायची नाही. कुणी बरं वाटलं म्हणून गोळ्या मधेच सोडत असेल, तर त्यानं समोर बसणारं एक माणूस शोधावं.

वसाहतीत कुजबुज झालीच. एक कुटुंब आमच्याकडचा चहा नको म्हणायला लागलं. हाडातला टीबी फुप्फुसातल्या टीबीसारखा खोकल्यातून पसरत नाही, हे डॉक्टरांनी मंदाला सांगितलं होतं, मंदानं त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि चहा घेतला नाही. मला वाईट वाटलं, मग राग आला, मग सवय झाली. तुमच्याकडेही होईल. चहा वाचतो, इतकंच धरा.

आणि ज्यांचा रिपोर्ट यायचा आहे त्यांना एक सांगतो. लॅबवाले "पुन्हा करतो" म्हणाले, तर त्यांच्यावर ओरडू नका. मी ओरडलो असतो, फक्त फोन माझ्या हातात नव्हता.

पाय परत यायला वेळ लागला. कुठल्याही नाटकात चालणार नाही इतका संथ प्रवेश. आधी मांडीत मुंग्या, मग गुडघ्याला जोर. घरी आल्यावर दोन्हीकडे धरून उभं राहणं, मग एका हातानं, मग भिंतीच्या आधारानं. चालत होतो, पण पाय दुसऱ्याचे होते. कुठे टेकले ते डोळ्यांनी पाहून कळायचं. डॉक्टर म्हणाले होते, जोर येईल, स्पर्शाचं सांगता येत नाही.

एका सकाळी मी भिंत धरून स्वयंपाकघरापर्यंत गेलो. मंदा ओट्याशी उभी राहून पोळ्या लाटत होती, माझ्याकडे पाठ करून. मी दारात थांबलो. काहीतरी वेगळं होतं आणि मला ते लगेच ओळखू येईना. मग मी डावा पाय उचलून पुन्हा टेकवला.

"फरशी गार आहे," मी म्हणालो.

"मग चपला घाला की," ती पाठमोरीच म्हणाली.

आणि तिचं लाटणं थांबलं.